चौकातील दिवा आणि वर्गातील धडा

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण वाचन, भागाकार आणि पटावरील उपस्थिती या विषयांवर विचारविनिमय केला. आता शेवटच्या अर्ध्या तासात मी जो विषय मांडणार आहे, तो ऐकून आपणांपैकी काहींना वाटेल की, हे काम पोलिसांचे आहे, बांधकाम खात्याचे आहे. शिक्षकाने त्यात का पडावे? विषय आहे चौकातील सिग्नलचा. त्याच्याशी आपला काय संबंध आहे, हे मला माझ्याच वर्गातील एका मुलीने शिकविले. म्हणून आरंभ तिच्यापासूनच करतो.

सुमारे बारा वर्षांपूर्वी मी एका मोठ्या बाजारगावातील शाळेत इयत्ता तिसरीचा वर्ग शिकवीत होतो. गावाचे नाव घेण्याचे कारण नाही. असे चौक सातारा जिल्ह्यात आहेत, सांगली जिल्ह्यातही आहेत. दोन रहदारीचे रस्ते गावाच्या वेशीजवळ एकमेकांस छेदीत होते. शाळा एका बाजूस, मुलांची घरे दुसऱ्या बाजूस. चौकात अपघात वारंवार होऊ लागले, तेव्हा तेथे सिग्नल बसविण्यात आला होता. सिग्नल आला म्हणून आम्ही वर्गात तक्ता लावला आणि मुलांकडून पाठ करून घेतले : लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे जा. तपासणीच्या दिवशी पाहुण्यांनी विचारले, "हिरवा म्हणजे काय?" त्या मुलीने उभे राहून खणखणीत आवाजात सांगितले, "हिरवा म्हणजे जा." मी तिला शाबासकी दिली.

पुढे जानेवारी महिन्यात, उसाचा हंगाम ऐन भरात असताना, सायंकाळी शाळा सुटल्यावर ती चौकात उभी राहिली. तिच्या दिशेचा दिवा हिरवा होताच ती निघाली. आडव्या रस्त्यावरून एक जीप आली आणि तिला धडक बसली. त्या रस्त्याकडे तोंड असलेला लाल दिवा काही दिवसांपासून जळून गेला होता. चालकाला खांबावर अंधारच दिसला. सिग्नल बंद आहे असे समजून तो पुढे आला. मुलीचा जीव वाचला, पण पाय मोडला. दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसलो, तेव्हा ती मला म्हणाली, "गुरुजी, दिवा हिरवाच होता."

तिचे म्हणणे खरे होते. तिने मी शिकविलेले तंतोतंत आचरणात आणले होते. तिच्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. एक चूक त्या खांबावर होती आणि दुसरी माझ्या धड्यात होती. दोन्ही चुका कशा दुरुस्त करावयाच्या, हेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रथम खांबाकडे वळू. चौकातील दिव्याचा इतिहास शिक्षकाने जाणून घेण्याजोगा आहे. जगातील पहिला असा दिवा लंडन येथे पार्लमेंटच्या इमारतीजवळ १८६८ च्या डिसेंबरात उभारला गेला. रेल्वेच्या सिग्नलवरून ती कल्पना घेतली होती. दिवा गॅसचा होता आणि पोलीस शिपाई तो हाताने फिरवीत असे. थोड्याच आठवड्यांत गॅसची गळती होऊन स्फोट झाला, शिपाई भाजला आणि तो प्रयोग सोडून द्यावा लागला. पुढे १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे विजेचा सिग्नल आला. त्यास लाल आणि हिरवा असे दोनच रंग होते. हिरव्याचा एकदम लाल झाला तर वेगात आलेल्या गाडीने काय करावे, हा प्रश्न उरलाच होता. म्हणून १९२० च्या सुमारास तिसरा, पिवळा रंग आला. या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानी येतात. कल्पना चांगली असली तरी देखभाल नसेल तर दिवा घात करतो. आणि थांबावयाचे म्हटले तरी थांबण्यास वेळ लागतो.

आमच्या चौकातील सिग्नलमध्ये पुढे ज्या सुधारणा झाल्या, त्या या दोन गोष्टींतूनच निघालेल्या होत्या. त्या एकेक करून सांगतो, कारण आपल्या गावाजवळच्या चौकात काय पाहावे, हे त्यावरून कळेल.

जुन्या सिग्नलमध्ये प्रत्येक रंगास एकच बल्ब असे. त्याची तार तुटली की तो रंग नाहीसा होई. नव्या सिग्नलमध्ये बारीक बारीक एलईडी दिव्यांचा समूह असतो. त्यांतील काही विझले तरी उरलेले जळत राहतात, वीजही कमी लागते. त्यामुळे वीज गेली असता बॅटरीवर तो काही काळ चालविता येतो. आपल्या भागात वीज जाणे ही नवलाची गोष्ट नाही, हे मी आपणांस सांगावयास नको.

दुसरी सुधारणा दिवा दिसण्याची. आमच्या चौकात एका बाजूच्या दिव्यापुढे वडाची फांदी आली होती आणि दुसऱ्या बाजूस जाहिरातीचा फलक. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. चालकाने पाहावयाचे, मनाशी ठरवावयाचे, पाय ब्रेकवर न्यावयाचा आणि मग गाडी थांबावयाची. या सर्वांसाठी आपल्या देशातील रस्तेबांधणीच्या मानकांत त्या वेगास ६० मीटर अंतर धरलेले आहे. ताशी ८० किलोमीटर वेगास १२० मीटर. म्हणजे दिवा निदान तितक्या अंतरावरून स्पष्ट दिसला पाहिजे. म्हणून फांदी छाटली, फलक हलविला, दिव्याची तबकडी मोठी केली आणि चौकाच्या पलीकडच्या बाजूस आणखी एक दिवा लावला. एक चुकला तर दुसरा दिसावा, हा त्यातील हेतू.

तिसरी सुधारणा वेळेची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उसाने भरलेला ट्रॅक्टर आणि त्यामागच्या दोन ट्रॉल्या यांची लांबी सुमारे १५ मीटर धरा. चौकाची रुंदी २० मीटर धरा. हिरवा दिवा संपता संपता तो चौकात शिरला, तर शेवटची ट्रॉली बाहेर पडेपर्यंत त्यास ३५ मीटर जावे लागेल. ताशी १५ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला चार मीटरांहून थोडे अधिक. म्हणजे त्यास आठ सेकंद तरी हवेत. पिवळा दिवा जर तीनच सेकंदांचा असेल आणि लगेच दुसऱ्या बाजूस हिरवा मिळत असेल, तर ट्रॉलीची शेपटी चौकाच्या मध्यभागी आणि आडव्या रस्त्यावरची मोटारसायकल सुटलेली, असे होणारच. त्यात संध्याकाळची वेळ असावी आणि ट्रॉलीस मागे परावर्तक पट्टी नसावी! यावर उपाय म्हणून पिवळ्यानंतर काही सेकंद चारही बाजूंस लाल ठेवतात, म्हणजे चौक रिकामा होण्यास अवधी मिळतो. आमच्या चौकात जुन्या सिग्नलमध्ये ही सोय नव्हती. नव्यात ती ठेवण्यात आली.

चौथी सुधारणा पायी चालणाऱ्यांची. सिग्नलची वेळ ठरविताना माणसाच्या चालण्याचा वेग सेकंदाला सुमारे १.२ मीटर धरतात. १४ मीटर रुंद रस्ता त्या हिशेबाने बारा सेकंदांत ओलांडता येईल. पण नातवाचा हात धरून निघालेल्या आजीबाईंना बारा सेकंद पुरत नाहीत, आणि दप्तर घेतलेल्या पहिलीच्या मुलालाही पुरत नाहीत. शिवाय जुन्या सिग्नलमध्ये पादचाऱ्यांसाठी निराळा दिवाच नव्हता. मुले गाड्यांचा हिरवा दिवा पाहून निघत, आणि त्याच हिरव्यावर वळणाऱ्या गाड्याही त्यांच्या अंगावर येत. नव्या सिग्नलमध्ये चालणाऱ्या माणसाची आकृती असलेला दिवा आला, झेब्रा पट्टे पुन्हा रंगविले गेले, आणि गाड्यांसाठी थांबण्याची रेषा पट्ट्यांच्या मागे आखली गेली.

आता कोणी विचारील की, एवढे केल्यावर अपघात थांबले काय? थांबले असे मी म्हणणार नाही. सिग्नलमुळे आडव्या धडका कमी होतात. परंतु पुढची गाडी अचानक थांबल्याने मागची तिच्यावर आदळण्याचे प्रकार वाढू शकतात, असा सर्वत्रचा अनुभव आहे. शिवाय प्रत्येक ठिकाणी सिग्नल हा उपाय नव्हेच. पुणे–बेंगळुरू राष्ट्रीय महामार्गावर जेथे गाड्या शंभराच्या वेगाने धावतात, तेथे रस्ते एकमेकांच्या वरून किंवा खालून नेणेच शहाणपणाचे. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर अनेक रस्त्यांची गर्दी एकत्र येते. तेथे जमिनीखालून वाहतूक नेणारा ग्रेड सेपरेटर जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. कराड-मलकापूर येथेही २०२३ मध्ये जुना उड्डाणपूल उतरवून मोठ्या पुलाचे काम हाती घेण्यात आले. पण गावोगावच्या फाट्यांवर इतका खर्च होणार नाही. तेथे साधा, नीट दिसणारा, नीट चालणारा दिवा आणि त्याखालून जाणारी शहाणी माणसे यांवरच भिस्त ठेवावी लागेल.

हा प्रश्न किती मोठा आहे, हे दोन आकड्यांवरून कळेल. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रातील होती. म्हणजे एकट्या आपल्या राज्यात दररोज सरासरी एकेचाळीसहून अधिक. आपल्या एखाद्या वर्गाचा पटही इतका नसतो.

आता दुसऱ्या चुकीकडे, म्हणजे माझ्या धड्याकडे येतो.

"हिरवा म्हणजे जा" हे वाक्य अपुरे आहे. हिरवा दिवा एवढेच सांगतो की, आता पाळी तुझी आहे. रस्ता मोकळा आहे, असे तो सांगत नाही; ते सांगण्याची शक्ती त्याच्यात नाही. ते डोळ्यांनीच पाहावे लागते. म्हणून त्या अपघातानंतर मी तक्त्यावरील वाक्य बदलले. "हिरवा म्हणजे पाळी माझी. आधी उजवीकडे पाहीन, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. गाड्या थांबलेल्या दिसल्या तरच जाईन." आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून जवळची गाडी आधी उजवीकडून येते, मुलांना हे कारणही सांगावे. कारण कळले की मूल नियम विसरत नाही; नुसते पाठ केलेले वाक्य मात्र परीक्षेपुरतेच त्याच्या ओठांवर असते. आणखी एक वाक्य शिकवावे : "दिवा बंद असेल तर चौक सर्वांत धोक्याचा." बंद दिव्याखाली मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय लहान मुलाने रस्ता ओलांडू नये.

हा पाठ परिसर अभ्यासापुरता ठेवू नये. पाचवीपासून पुढे गणिताच्या तासास हाच विषय घ्यावा. ताशी किलोमीटरांचे सेकंदी मीटर करणे हे उदाहरण पुस्तकात कोरडे वाटते. तेच ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या यांच्यावर करावयास द्या. मुले घरी जाऊन वडिलांना हिशेब सांगतील. आपल्या गावांत उसाची वाहतूक करणारे पालक थोडे नाहीत. ट्रॉलीस मागे परावर्तक पट्टी लावा, असे शासनाने शंभर वेळा सांगितले तरी जे होत नाही, ते मुलीने एकदा सांगितल्याने होते, असा माझा अनुभव आहे.

हंगामात आपल्या शाळांत ऊसतोड मजुरांची मुले येतात. त्यांतील अनेकांनी आपल्या गावी सिग्नल पाहिलेलाच नसतो. ती मुले बैलगाडीवर बसून भल्या पहाटे मोठ्या रस्त्यावरून जातात. त्यांचे नाव हजेरीत घेतल्याबरोबर हा धडा त्यांना प्रथम द्यावा, अशी माझी विनंती आहे. तसेच काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, लाल आणि हिरवा यांतील भेद जन्मतःच नीट कळत नाही. चित्रकलेच्या तासाला पानाला तपकिरी रंग देणाऱ्या मुलाला रागावण्यापूर्वी ही शंका घ्यावी. अशा मुलास सांगावे की, उभ्या खांबावर लाल नेहमी वर असतो आणि हिरवा खाली. रंग न कळला तरी जागा कळेल.

शेवटी, चौक सुधारण्यासाठी शिक्षकाने काय करावे, ते सांगतो. आम्ही मोर्चा काढला नाही. आम्ही एक वही घातली. शाळा सुटण्याच्या वेळी आम्ही दोघे शिक्षक आळीपाळीने चौकात उभे राहत होतो. कोणत्या बाजूचा दिवा कोणत्या तारखेस बंद होता, किती मुलांनी रस्ता ओलांडला, किती वेळा मूल थोडक्यात वाचले, हे पंधरा दिवस वहीत लिहिले. मुलांना मोजणीसाठी रस्त्यावर नेले नाही. हे मी मुद्दाम सांगतो. मग शाळा व्यवस्थापन समितीत ठराव केला, वहीची नक्कल जोडली आणि अर्ज दिला. काम होण्यास अकरा महिने लागले. तीन वेळा हेलपाटे झाले. पण चौथ्या वेळी पाहणीस आलेल्या अभियंत्यांनी आमची वही मागून घेतली आणि तिच्यावरून वेळा ठरविल्या.

या वहीचे महत्त्व का, तेही पाहा. राष्ट्रीय महामार्गावर अपघातप्रवण स्थळ, ज्यास ब्लॅक स्पॉट म्हणतात, ते ठरविण्याची कसोटी अशी आहे : सुमारे ५०० मीटरांच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले पाच अपघात, अथवा दहा मृत्यू. म्हणजे गणती होते ती मेलेल्यांची आणि जायबंदी झालेल्यांची. थोडक्यात वाचलेल्या मुलाची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. ती नोंद शाळेने ठेवली, तर दहावा मृत्यू होण्याची वाट पाहावी लागणार नाही.

अर्ज कोणाकडे करावा, याविषयी गोंधळ होतो. गावातील रस्ता असेल तर ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेचा असेल तर आपला बांधकाम विभाग, राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्ग प्राधिकरण. शहरातील सिग्नल असेल तर नगरपालिका आणि वाहतूक पोलीस. कोणास विचारावे हे कळत नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, तिच्याकडे नक्कल पाठवावी. आणि दुर्दैवाने अपघात घडलाच, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व जखमीस मदत करावी. मदत करणाऱ्यास पोलीस वा न्यायालय यांचा त्रास होऊ नये, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात झालेली आहे. हे पालकसभेत सांगावे. भीतीपोटी लोक जखमीपासून दूर राहतात, हे आपण पाहतो.

बंधुभगिनींनो, ती मुलगी आता महाविद्यालयात शिकते. चालताना तिचा पाय अजून किंचित ओढला जातो. मध्यंतरी ती भेटली तेव्हा मी तिला विचारले, "चौक ओलांडताना आता काय पाहतेस?" ती हसून म्हणाली, "गुरुजी, दिवा पाहते आणि मग चालकाचे तोंड पाहते." माझ्या तक्त्यावरील सुधारलेल्या वाक्यापेक्षाही हे वाक्य मला अधिक नेमके वाटले. पण ते शिकण्यासाठी तिला जी किंमत द्यावी लागली, ती आपल्या वर्गातील दुसऱ्या कोणत्याही मुलास द्यावी लागू नये.

सोमवारी शाळेत गेल्यावर भिंतीवरील तक्ता पाहा. त्यावर "हिरवा म्हणजे जा" एवढेच लिहिले असेल, तर खाली दोन शब्द वाढवा : "आधी पाहा." आणि एक वही घाला.